कोकणातल्या गावापासून दिमोनापर्यंत : बेने इस्राएल कुटुंबाची वंशावळ कशी शोधावी

बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठीभाषक ज्यू, ज्यांतले बहुतेक पुढे इस्रायलला गेले. अशा कुटुंबाचा शोध घेणाऱ्याला एक मोठी गोष्ट आयती मिळालेली असते. पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहीमकर, झिराडकर, अष्टमकर, नवगावकर अशा आडनावांतच मूळ गाव सांगितलेले असते. पोलंड-रशियातून अमेरिकेला गेलेल्या ज्यू घराण्यांच्या वंशजांना मूळ गाव शोधण्यातच वर्षे घालवावी लागतात, आणि आपल्याकडे ते प्रत्येक सहीत लिहिलेले असते. पण सगळ्यात जास्त चुकाही याच सोयीमुळे होतात. एका गावात एकमेकांशी नाते नसलेली दोन-तीन बेने इस्राएल घरे असू शकतात. दिवेकर, पेणकर, दांडेकर ही आडनावे हिंदूंतही आहेत. शिवाय गावांची नावेही एकसारखी असतात. नागाव अलिबागजवळ आहे तसे उरणजवळही आहे, आणि शहापूर अलिबाग तालुक्यात आहे तसे ठाणे जिल्ह्यातही.

म्हणून एक नियम सुरुवातीलाच पक्का करावा. माणसाचे नाव, बापाचे नाव आणि गाव, या तीन खुणा एकाच कागदावर किंवा दोन स्वतंत्र कागदांवर जुळल्याशिवाय पिढी जोडायची नाही. दोनच जुळल्या तर नाव पेन्सिलीने लिहायचे आणि तिसरी खूण मिळेपर्यंत तसेच ठेवायचे.

दिशा नेहमी आजकडून मागे. आधी इस्रायलमधली शेवटची पिढी, मग मुंबई-पुणे-कराची, मग कोकण. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही समाजाची मूळकथा मोलाची आहे. तिथून पुढे वंश उतरवत येणे मात्र शक्य नाही, कारण मधल्या कितीतरी शतकांचे कागदच नाहीत. बहुतेक घराण्यांचा कागदोपत्री माग अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत लागतो आणि तिथे थांबतो.

घरातले कागद आणि घरातली माणसे

पहिले काम म्हाताऱ्या माणसांशी बोलण्याचे, आणि ते मराठीत करायचे. याला भावनेपेक्षा व्यावहारिक कारण आहे. हिब्रूत ‘दोदा’ म्हणजे आत्याही, मावशीही, काकूही आणि मामीही, आणि ‘दोद’ म्हणजे काका किंवा मामा. बेरशेवात वाढलेल्या नातवाने ‘दोदा मिरियम’ असे लिहून ठेवले असेल तर ती बापाच्या बाजूची की आईच्या, हे त्यातून कळत नाही. आजीला मराठीत विचारले की ती सहज सांगते, “मिरियम माझी चुलत नणंद.” तेवढ्या एका शब्दात झाडाची अख्खी फांदी जागेवर बसते. सांगितलेले नाते जसेच्या तसे त्या मराठी शब्दात टिपावे आणि त्याचे भाषांतर नंतर करावे.

“आजोबांचे नाव काय?” एवढेच विचारू नये. घरात त्यांना काय हाक मारायचे, कागदावर काय होते, सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) तोरा हा धर्मग्रंथ वाचायला बोलावताना काय पुकारायचे, अशी तीन नावे वेगवेगळी विचारावीत. ती तीन निघतात. त्याचे कारण पुढच्या भागात येईल.

मग कपाटातले कागद. इस्रायलला पोहोचल्यावर मिळालेले ‘तेऊदत ओले’, म्हणजे स्थलांतरिताचे प्रमाणपत्र, सगळ्यांत आधी शोधावे. त्यात आगमनाची तारीख आणि सोबत आलेल्या कुटुंबीयांची नोंद असते. जुना भारतीय पासपोर्ट, केतुबा (विवाहकरार), मराठी लग्नपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रेल्वे-पोस्ट-गोदीतल्या नोकरीचे सर्व्हिस बुक, लष्करी पेन्शनचा कागद यांतले काहीही टाकाऊ नाही. लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून घरातली वडीलधारी मंडळी नावानिशी येतात, त्यामुळे एका पत्रिकेत तीन पिढ्या सापडू शकतात. प्रार्थनेच्या पुस्तकांची पहिली-शेवटची कोरी पानेही उलटून पाहावीत, कारण मुलांच्या जन्मतारखा आणि वडिलांच्या मृत्यूच्या हिब्रू तिथ्या तिथे लिहून ठेवण्याची पद्धत होती. फोटो स्कॅन करताना मागची बाजूही घ्यावी. लहान फोटोसाठी ६०० डीपीआय ठेवावे, म्हणजे मागे मारलेला स्टुडिओचा शिक्काही वाचता येतो.

एक माणूस, चार नावे

शोध सर्वांत जास्त अडतो तो इथे, म्हणून इथे सावकाश जावे.

एकोणिसाव्या शतकापर्यंत बेने इस्राएल पुरुषांची बायबलमधली नावे कोकणी वळणाने उच्चारली आणि लिहिली जात. अब्राहमचा अबाजी, सॅम्युएलचा सामाजी, आयझॅकचा इसाजी, मोझेसचा मुसाजी, बेंजामिनचा बनाजी, इझिकेलचा हसाजी, एलायजाचा एलोजी, डेव्हिडचा दावूदजी. मुंबईतले पहिले सिनेगॉग ‘शाआर हारहमीम’ १७९६ मध्ये उभारणारे सामाजी हसाजी दिवेकर इंग्रजी कागदांत सॅम्युएल इझिकेल दिवेकर म्हणून येतात. दोन माणसे समजून दोन नोंदी केल्या की झाडाचे बूडच दुभंगते. हसाजी आणि इसाजी हे तर हटकून घोटाळा करतात. मोडीतून वाचताना किंवा इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिताना एकाचा दुसरा होतो, आणि इझिकेलचा आयझॅक होऊन बसतो. अशा नोंदीत मुलाचे नाव पाहून खात्री करावी. मुलगा थडग्यावर हिब्रूत ‘बेन येहेझकेल’ असेल तर बाप हसाजी, ‘बेन यित्सहाक’ असेल तर इसाजी.

बायकांची रोजच्या वापरातली नावे आजूबाजूच्या मराठी बायकांसारखीच असत आणि हिब्रू नाव वेगळे. लग्नानंतर मधले नाव बदलून नवऱ्याचे येई. त्यामुळे स्त्रीसाठी किमान चार रकाने ठेवावेत : माहेरचे नाव, सासरचे नाव, हिब्रू नाव, घरातली हाक.

मग येते आडनाव गळण्याची भानगड. पद्धत होती ‘स्वतःचे नाव, बापाचे नाव, गावकर’. शाळेत किंवा कचेरीत शेवटचा भाग सोडून दिला की बापाचे नाव आडनाव होऊन बसे. समजा, अब्राहम बेंजामिन रोहेकर यांना तीन मुलगे. थोरला सॉलोमन अब्राहम या नावाने रेल्वेत लागला, मधल्याने रोहेकर ठेवले, आणि धाकट्याने आजोबांचे नाव पुढे चालवून बेंजामिन लावले. तिघे सख्खे भाऊ इस्रायलच्या यादीत ‘अब्राहम’, ‘रोहेकर’ आणि ‘बेंजामिन’ अशा तीन घराण्यांचे दिसतात. आडनाव मॉझेस, सॅमसन, रूबेन, डेव्हिड असे निघाले तर तो बहुधा त्या घरातल्या पणजोबाचा पत्ता असतो. कुठल्या पिढीत गावाचे नाव गळाले ते शोधून झाडावर तिथे खूण करावी.

शेवटचा फरक हिब्रू लिपीमुळे पडतो. तिथे प आणि फ यांना एकच अक्षर, ब आणि व यांनाही बहुतेक वेळा एकच, श आणि स यांना एकच, आणि स्वर पुष्कळदा लिहिलेच जात नाहीत. पेणकर हे आडनाव पे-नून-कोफ-रेश असे चार अक्षरांत लिहिले की वाचणारा पेनकर, पनकर, फेनकर, फंकर यांपैकी काहीही वाचतो, आणि ते पुन्हा इंग्रजीत गेले की तिसरेच रूप होते. च आणि ज यांच्यासाठी त्सादी आणि गिमेल या अक्षरांपुढे एक चिन्ह जोडतात. ते टंकताना राहिले तर चेऊलकरचा त्सेऊलकर आणि झिराड-जिराडचा गिराड होतो. म्हणून कोणत्याही यादीत शोधण्याआधी आपल्या आडनावाची सगळी संभाव्य रूपे एका कागदावर उतरवावीत. दहा-बारा सहज होतात. मग एकेक रूप घालून पाहावे आणि पाहून झालेल्या रूपापुढे खूण करावी.

इस्रायलमधल्या नोंदी

१९४८ नंतर, विशेषतः पन्नास-साठच्या दशकांत, बेने इस्राएल कुटुंबे दिमोना, अश्दोद, बेरशेवा, लोद, रामला, येरुहाम, किर्यात गात अशा गावांत वसली. गाव कळले की त्या गावातल्या दफनाच्या नोंदी बघाव्यात. प्रत्येक शहरातले दफनाचे काम ‘हेव्रा कदिशा’ पाहते आणि बऱ्याच ठिकाणी त्यांच्या संकेतस्थळावर नावावरून थडगे शोधता येते. तिथे मृताचे नाव, बापाचे किंवा आईचे नाव आणि हिब्रू तारीख मिळते. बिलियनग्रेव्ह्ज या संकेतस्थळावर इस्रायलमधल्या थडग्यांचे फोटो मोठ्या प्रमाणावर आहेत. ज्यूइशजेन या ज्यू वंशावळींच्या संकेतस्थळावर नोंदणी विनामूल्य असून तिथल्या जगभरच्या दफनभूमींच्या सूचीत भारतातल्याही काही नोंदी आहेत.

या संकेतस्थळांवर उच्चारावरून शोधण्याची ‘डेच-मोकोटॉफ साउंडेक्स’ नावाची पद्धत असते. ती पूर्व युरोपातल्या आडनावांसाठी बांधलेली आहे, त्यामुळे कोकणी नावांवर कधी शेकडो निरुपयोगी निकाल देते तर कधी काहीच देत नाही. त्याऐवजी ‘या अक्षरांनी सुरू होणारे’ हा पर्याय निवडून आडनावाची पहिली तीन-चार अक्षरेच द्यावीत. ‘कर’ वगळावे, कारण सगळ्यात जास्त बिघडतो तो शेवटच.

इस्रायल जीनिऑलॉजी रिसर्च असोसिएशनच्या संग्रहात पॅलेस्टाइनमधल्या ब्रिटिश अमलातले नाव-बदल आणि इतर बऱ्याच याद्या आहेत. मात्र आपली बहुतेक कुटुंबे त्यानंतरची असल्याने तिथे काही मिळाले नाही म्हणून हिरमुसू नये. जेरुसलेममधल्या सेंट्रल झायनिस्ट अर्काइव्ह्ज आणि इस्रायल स्टेट अर्काइव्ह्ज इथे स्थलांतराची प्रशासकीय कागदपत्रे आहेत. तिथे पत्र लिहिताना आगमनाचे वर्ष, कुटुंबप्रमुखाचे नाव आणि तेऊदत ओलेवरचा क्रमांक द्यावा. नुसत्या आडनावावर फाईल निघत नाही. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात जुन्या केतुबा पाहायला मिळतात आणि त्यांत मुंबईच्याही आहेत.

जन्मतारखेबाबत सावध असावे. जन्माचा दाखला नसलेल्या स्थलांतरितांचे नुसते वर्षच नोंदले गेले. ओळखपत्रावर दिवस-महिना शून्य-शून्य दिसला, किंवा १ जानेवारी दिसला, तर ती तारीख नसून अंदाज आहे असे समजावे आणि वर्षही दोन-चारने मागेपुढे धरावे.

मराठीतून संपर्काचा मार्गही अजून मोकळा आहे. इस्रायलमध्ये ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघत आले आहे. त्याच्या जुन्या अंकांतली श्रद्धांजली आणि कुटुंबवृत्ते वाचून अनेक नाती उलगडतात.

मुंबईतला मधला टप्पा

कोकणातून थेट इस्रायलला गेलेली कुटुंबे थोडी. बहुतेकांच्या एक-दोन पिढ्या मुंबईत मांडवी, डोंगरी, उमरखाडी, भायखळा, आग्रीपाडा या भागांत गेल्या, काहींच्या पुणे, अहमदाबाद, कराची किंवा एडनमध्ये. एडनचा कारभार दीर्घकाळ मुंबई इलाख्यातून चाले, म्हणून एडनच्या नोकरीविषयीचे सरकारी कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात शोधण्यासारखे असतात.

आधी सिनेगॉग ओळखावे. जुन्या पत्रांत बेने इस्राएल लोक सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणतात. “लग्न मशिदीत झाले” हे वाचून कुणी धर्मांतराचा तर्क बांधू नये. मांडवीतले शाआर हारहमीम म्हणजे ‘जुनी मशीद’, शाआरे रासोन म्हणजे ‘नवी मशीद’. पुढे जेकब सर्कलजवळ तिफेरेथ इस्राएल आणि आग्रीपाड्यात मागेन हसिदीम झाले. भायखळ्याचे मागेन डेव्हिड, फोर्टातले केनेसेथ एलियाहू आणि पुण्याचे ओहेल डेव्हिड म्हणजे लाल देऊळ ही बगदादी ज्यूंची, म्हणजे इराककडून आलेल्या वेगळ्या ज्यू समाजाची सिनेगॉगे आहेत. बेने इस्राएल कुटुंबाच्या लग्नाची नोंद शोधायला तिथे जाण्यात दिवस फुकट जातो. दफनभूमीचेही तसेच आहे. चिंचपोकळीची बगदादींची, वरळीला ई. मोझेस मार्गावरची बेने इस्राएलांची.

सिनेगॉगकडे विवाहनोंदी, सभासदांच्या वह्या आणि देणग्यांचे हिशेब असतात. विश्वस्तांना आधी लेखी विचारावे. पत्रात एकच लग्न मागावे आणि वर, वधू, दोघांचे बाप व पाच वर्षांचा टप्पा द्यावा. “आमच्या घराण्याची सगळी माहिती द्या” असे पत्र कुणालाच हाताळता येत नाही. २००८ नंतर सुरक्षा कडक आहे, त्यामुळे ओळखपत्र आणि पूर्वपरवानगी लागतेच. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या सणांच्या दिवसांत कामाची विचारणा करू नये. वहीत मुकादम, चौगुला, गबाय, हझान, शमाश, काझी हे शब्द नावापुढे आले तर ती मंडळीतली पदे आहेत, आडनावे नव्हेत. काही घरांत ‘काझी’ पिढीजात चालत आल्यामुळे मात्र ते आडनावासारखेच दिसते.

महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदीसाठी ज्या विभागात घटना घडली त्या वॉर्डाच्या आरोग्य विभागाकडे अर्ज करावा लागतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ नुसार कुणालाही शोध मागता येतो आणि उतारा मिळतो. मृत्यूच्या उताऱ्यात कारण मात्र दिले जात नाही. अर्जात पत्ता चाळीच्या नावासह लिहावा, कारण रस्त्यांची नावे बदलली आहेत.

शाळेचे जनरल रजिस्टर हा मोलाचा आणि दुर्लक्षित कागद. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली इस्रायलाइट स्कूल, जी पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली, तिथे समाजातली असंख्य मुले शिकली. शाळेच्या रजिस्टरात बापाचे नाव, आडनाव, जन्मगाव आणि आधीची शाळा एका ओळीत येतात, म्हणजे आपल्या तिन्ही खुणा एकत्र. केहीमकरांनी लिहिलेला समाजाचा इतिहास त्यांच्या निधनानंतर १९३७ मध्ये तेल अवीवमधून प्रसिद्ध झाला. त्यात सैन्यातल्या आणि सरकारी नोकरीतल्या अनेक बेने इस्राएलांची नावे आहेत.

घरात ‘सुभेदार’ म्हणून एखादे पणजोबा असतील तर मुंबई सैन्याच्या वार्षिक आर्मी लिस्टमध्ये पाहावे. देशी अधिकारी म्हणजे सुभेदार आणि जमादार त्यांत नावाने येतात, हवालदार-शिपाई येत नाहीत. या याद्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत. पलटणीचा क्रमांक पाहताना १९०३ ची फेररचना ध्यानात ठेवावी. तेव्हा मुंबईच्या पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकात शंभर मिळवून नवे क्रमांक दिले गेले. जुनी ३ री पलटण १०३ वी झाली आणि १९२२ मध्ये पुन्हा नाव बदलून पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली. घरातल्या आठवणीत ‘तीन नंबर’ आणि कागदावर ‘एकशे तीन’ असेल तर माणूस तोच असू शकतो.

थडगे वाचताना

बेने इस्राएल थडग्यांवर हिब्रू, मराठी आणि इंग्रजी अशा दोन किंवा तीन भाषा दिसतात, आणि तिन्ही वाचायच्या असतात कारण प्रत्येकीत वेगळी माहिती असते. मराठी मजकुरात बाई नवऱ्याच्या नावाने येते, तर हिब्रूत ‘बत’ म्हणजे कन्या या शब्दापुढे बापाचे नाव असते. माहेर तिथे सापडते. पुरुषाच्या नावापुढे ‘बेन’. वर पे-नून ही दोन अक्षरे म्हणजे ‘येथे दफन’, खाली ताव-नून-त्सादी-बेत-हे ही पाच अक्षरे म्हणजे आत्म्यासाठीची प्रार्थना. ती वर्ष समजून मोजू नयेत.

हिब्रूत वर्ष अक्षरांत लिहितात. आलेफ ते तेत १ ते ९, योद १०, काफ २०, लामेद ३०, मेम ४०, नून ५०, सामेख ६०, आयिन ७०, पे ८०, त्सादी ९०, कोफ १००, रेश २००, शीन ३००, ताव ४००. हजाराचा आकडा बहुधा गाळतात. अक्षरांची बेरीज करून १२४० मिळवले की इसवी सन येतो. एक उदाहरण घेऊ. दगडावर ताव-रेश-आयिन-हे आहे. ४०० + २०० + ७० + ५ = ६७५. त्यात १२४० मिळवले की १९१५. पण हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होते, म्हणून महिना पाहायचाच. महिना शेवात असेल तर जानेवारी-फेब्रुवारी १९१५. महिना खेश्वान असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि तेव्हा एक वर्ष वजा करून १९१४. त्याच दगडावर मराठीत ‘शके १८३६ माघ’ असेल तर पडताळाही होतो. चैत्रापासून डिसेंबरपर्यंत शकात ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. १८३६ + ७९ = १९१५, म्हणजे हिशेब जुळला.

घाईच्या वेळी एवढे पुरे : ताव-रेशने सुरू होणारे वर्ष १८३९ ते १९३९ या शतकातले, ताव-शीनने सुरू होणारे त्यानंतरचे. १५ हा आकडा योद-हे असा न लिहिता तेत-वाव असा लिहितात आणि १६ तेत-झायिन असा. झिजलेल्या दगडावर दालेत आणि रेश, हे आणि खेत, बेत आणि काफ, वाव आणि झायिन या जोड्या एकमेकांसारख्या दिसतात. दालेतचा रेश वाचला तर ४ चे २०० होतात आणि माणूस दोन शतके सरकतो. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून संध्याकाळनंतरच्या मृत्यूची हिब्रू तारीख महापालिकेच्या तारखेपेक्षा एक दिवस पुढची असते. ती चूक नव्हे.

फोटो सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर घ्यावेत, तिरप्या उजेडात अक्षरे उठून दिसतात. दुपार असेल तर आरशाने किंवा पांढऱ्या पुठ्ठ्याने बाजूने उजेड टाकावा. दगडावर खडू, पीठ, शेव्हिंग क्रीम काहीही चोळू नये, तारेचा ब्रश तर मुळीच नको. कोकणातला खारा वारा आणि पाऊस या दगडांना आधीच खात आहे. साधे पाणी आणि मऊ ब्रश एवढेच वापरावे. एक फोटो पूर्ण दगडाचा, एक मजकुराचा, एक शेजारच्या थडग्यांसह. तिसरा फोटो लोक विसरतात, आणि जवळच्या नात्यातली माणसे पुष्कळदा शेजारी पुरलेली असतात.

कोकणातले दप्तर

आता गाव. १९८१ पूर्वीच्या कागदांत रायगड नाही, कुलाबा जिल्हा आहे. पनवेल, उरण, कर्जत हा मुलूख एकोणिसाव्या शतकात आधी ठाणे जिल्ह्यात होता. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळे हा भाग १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता, आणि अलिबागच्या आसपासचा इंग्रज अमलाआधी आंग्र्यांकडे. दिवेआगरच्या घराण्याचे कागद अलिबागच्या दप्तरात मिळाले नाहीत तर आश्चर्य नाही, कारण कारभारच दुसरा होता.

सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे गाव नमुना नंबर १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. कोतवालाने गावातल्या जन्म-मृत्यूची केलेली ही नोंद तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असते. अर्जावर कोर्ट फी स्टँप लावून गाव, तालुका, वर्षांचा टप्पा आणि नावे लिहून नक्कल मागावी. जातीच्या दाखल्यांसाठी हीच बुके नेहमी काढली जातात, त्यामुळे कर्मचाऱ्यांना नमुना क्रमांक सांगितला की लगेच कळते. जुनी पाने मोडीत असतात आणि काही वर्षांची बुके नसतातच. जातीच्या रकान्यात एकच शब्द शोधू नये. इस्राएल, इस्त्राईल, बेने इस्राएल, यहुदी, ज्यू, आणि जुन्या नोंदींत शनवार तेली, कधी नुसते तेली. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद, त्यावरून पडलेले हे नाव. नुसते ‘तेली’ असेल तेव्हा नाव पाहावे : दावूद, हसाजी, मुसाजी, एलोजी ही नावे असलेले घर बहुधा आपले.

जमीन असेल तर जुने सातबारे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे फेरफार काढावेत. वारस नोंदीच्या फेरफारात मयताचे नाव, मृत्यूची तारीख आणि सगळे वारस नात्यासह येतात. लग्न होऊन गेलेल्या मुलीही त्यात सापडतात. सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक धरून एकेक मागे जात राहावे. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन ऑनलाइन आहेत, आपला तालुका त्यात आहे का ते प्रवासाआधी पाहावे.

मोडी कागद मिळाला की स्वतः अंदाजाने वाचू नये. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते आणि जाणकार वाचकही मिळतात. त्यांना नावांची संभाव्य रूपे आधी लिहून द्यावीत, कारण मराठा किंवा ब्राह्मण घराण्यांचे कागद वाचलेल्या माणसाला ‘एलोजी’ अपेक्षित नसतो आणि तो ‘येलोजी’ किंवा ‘मालोजी’ वाचून मोकळा होतो. तारीख शुहूर सनात, म्हणजे मराठेशाहीतल्या कागदांतल्या कालगणनेत असेल तर ५९९ मिळवावे, जानेवारी ते मेच्या तारखांसाठी ६००.

रेवदंडा, अलिबाग, पेण, पनवेल इथली सिनेगॉगे एकोणिसाव्या शतकातली आहेत. तिथे आज कुटुंबे मोजकीच आहेत, पण आसपासच्या कोणत्या गावाची दफनभूमी कुठे होती हे त्यांनाच ठाऊक असते. गावात विचारताना “ज्यूंचे कबरस्थान” म्हटले तर कळेलच असे नाही. “इस्राएल लोकांची कबरी कुठे?” असे विचारावे. आणि ज्या घराचा शोध आहे त्या घराचे शेजारी कोण ते विचारावे. इस्रायलला जाताना घर कुणाला विकले, झाडे कुणाला राखायला दिली, हे शेजारच्या घरात अजून आठवणीत असते.

नोंद कशी ठेवावी

प्रत्येक माणसापुढे कागदाचे नाव, कार्यालय, पान किंवा फेरफार क्रमांक आणि पाहिल्याची तारीख लिहावी. नाव कागदावर जसे आहे तसेच उतरवावे, ‘सुधारून’ सामाजीचा सॅम्युएल करू नये. सॅम्युएल हे दुसऱ्या रकान्यात. ऑनलाइन झाडांतून पिढ्या उचलून आपल्या झाडाला जोडू नयेत. त्यांतल्या अनेकांचा आधार दुसरे तसेच झाड असते.

डीएनए चाचणीचा उपयोग मर्यादित आहे. लहान समाजात पिढ्यान्पिढ्या आपसांत लग्ने झाली, चुलत-मामे भावंडांच्या लग्नाला ज्यू धर्मशास्त्रात मनाई नाही, त्यामुळे जुळणी प्रत्यक्षापेक्षा जवळची दिसते. ‘दुसरे चुलत’ म्हणून आलेली व्यक्ती चार वेगवेगळ्या वाटांनी लांबची निघू शकते. इस्रायलमधल्या नातेवाइकाला किट पाठवण्याआधी तिथल्या २००० च्या अनुवंशिक माहिती कायद्याची बंधने तपासावीत.

हयात माणसांची जन्मतारीख, ओळख क्रमांक, पत्ता सार्वजनिक झाडावर टाकू नये. जुन्या नोंदींत ‘गोरा इस्राएल’ आणि (समाजाबाहेरच्या विवाहातल्या संततीसाठी) ‘काळा इस्राएल’ असे भेद येतात. त्यांनी अनेक घरांना खोल दुखावले आहे. मूळ नोंदीची प्रत आपल्या फायलीत ठेवावी आणि त्या घरातल्या माणसांना विचारल्याशिवाय कुठेही प्रसिद्ध करू नये.

जमवलेल्या थडग्यांच्या फोटोंची एक प्रत गाव, तारीख आणि वाचलेला मजकूर यांसह त्या सिनेगॉगच्या विश्वस्तांना द्यावी आणि एक ज्यूइशजेनच्या दफनभूमी सूचीत भरावी. फाईलच्या नावातच गाव, ओळ आणि थडग्याचा क्रमांक घालावा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात एखादा दगड उलथला तरी तो कुणाचा हे सांगता येईल.